पाठांतराची छडी

जुनी छडी आहे मी, मित्रांनो. दचकू नका. आता मला उचलून तुमच्यावर धावून येणारे इथे कुणी नाही. माझा रंग काळपट झाला आहे, टोक फाटले आहे आणि अंगावर मीठ बसले आहे. पण एक काळ असा होता की मी टेबलावर नुसती पडले तरी चाळीस मुलांचा श्वास अडकायचा. त्या काळाची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. ती सांगताना मला आजही भीती वाटते. छडीला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. ऐका तर.

माझा जन्म मासवणजवळ, सूर्या नदीच्या काठच्या बांबूच्या बेटात झाला. नवशा नावाच्या एका शेतकऱ्याने मला कोयत्याने तोडले ते मासे धरायच्या गळासाठी. मी सरळ होते, बारीक होते, आणि माझी सात कांडी अगदी सारख्या अंतरावर होती. त्याच वेळी नदीवरून पुंडलिक गुरुजी चालले होते. ते तिथल्या शाळेत नवीनच लागले होते. त्यांनी मला हातात घेतले, वाकवून पाहिले आणि म्हणाले, "नवशा, ही मला दे."

"पोरांना मारायला काय, गुरुजी?" नवशाने विचारले.

"छे रे! कवितेचा ठेका धरायला."

नवशा हसला. "कवितेला काठी लागते काय?" असे काहीसे पुटपुटत त्याने मला देऊन टाकले. त्याच्या त्या प्रश्नाकडे गुरुजींनी लक्ष दिले नाही. मीही दिले नाही.

गुरुजींनी काचेच्या तुकड्याने माझी साल तासली. विस्तवावर धरून माझा थोडासा बाक काढला. मग चार दिवस खोबरेल तेल चोळले. मी अशी चकचकीत झाले की त्यांची म्हातारी आई वाणगावला त्यांच्या घरी मला पाहून म्हणाली, "एखाद्या भालदाराच्या हाती शोभेल रे ही!"

वर्षभरात गुरुजींची बदली समुद्राकाठी झाली. तारापूरच्या खालच्या अंगाला, एका खाडीच्या काठावर ती शाळा होती. एक लांब कौलारू खोली, मागे सुरूची झाडे, पुढे चिखल आणि पाणी. मासेमारांची मुले यायची, वाडीवाल्यांची यायची. पुढे अणुवीज केंद्राचे काम सुरू झाले, तेव्हा लांब लांबच्या जिल्ह्यांतून कामाला आलेल्या माणसांची मुलेही येऊ लागली.

ती पहिली दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. गुरुजींना शेकडो कविता तोंडपाठ होत्या. दुपारी दुसऱ्या घंटेला ते डोळे मिटत आणि माझ्या टोकाने टेबलावर हलकेच ठेका धरत. मुले डोलत म्हणत. पाठ करा, असे त्यांना कधी सांगावेच लागत नसे. म्हणता म्हणता पाठ होऊन जाई. त्यातली एक कविता गुरुजींची फार लाडकी. जुनी होती, कवीचे नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. लहानपणी आईकडून शिकलेली.

आंब्याखाली पडे सावली, गार किती गे गार,
वाटसरू ते येती बसती, ठेवुन खाली भार.
कुणी लाविले झाड न ठावे, फळे तयाची गोड,
अशी सावली देत उभा तो, नाही त्याला तोड.

ही कविता सगळ्यांत मोठ्याने म्हणायची ती ठकी. खाडीवर होडी असलेल्या भिकाची मुलगी. तिचा आवाज असा खणखणीत होता की गुरुजी म्हणत, "ठके, जरा हळू. पलीकडच्या काठाची माणसं जागी होतील."

मग एका हिवाळ्यात दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले.

दिपोटीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. त्यांच्या बुटांचा आवाज ओट्यावर वाजला आणि मुले थिजली. साहेबांनी चौथीच्या ओळीवरून नजर फिरवली आणि नेमके दमयंतीकडे बोट दाखवले. दमयंती नागोराव गवंड्याची मुलगी. वीज केंद्राच्या कामासाठी तिचे आईबाप मराठवाड्यातून आले होते. शाळेत येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. तिने कधी एवढा मोठा साहेब पाहिला नव्हता.

"कविता म्हण."

दमयंतीने आंब्याच्या कवितेच्या दोन ओळी म्हटल्या आणि ती थांबली. तिसरी ओळ येईना. साहेबांनी दुसऱ्या मुलाला उठवले. तोही गप्प. तिसरा रडायलाच लागला. भीती अशी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात होती, जशी गवताला लागलेली आग जाते. ठकीने हात वर केला होता, पण साहेबांनी तिच्याकडे पाहिलेच नाही.

जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिले, 'पाठांतर असमाधानकारक.' आणि तोंडी म्हणाले, "मास्तर, पुढच्या खेपेला असंच दिसलं, तर डोंगरपट्टीतल्या एकशिक्षकी शाळा रिकाम्याच आहेत. तिथे आंबे पुष्कळ."

त्या दिवशी मुले गेल्यावर गुरुजी खूप वेळ खुर्चीत बसून होते. मी त्यांच्या हातात होते, म्हणून मला कळले. ते भ्याले होते. त्यांची आई एकटी होती. दर शनिवारी शाळा सुटली की ते बोईसरहून गाडी धरून वाणगावला तिच्याकडे जात. डोंगरात बदली झाली तर तिच्याकडे कोण पाहणार? आता तिचे डोळेही गेले होते. ती भीती त्यांच्या तळव्यातून माझ्या अंगात उतरली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घंटेला त्यांनी ठेका धरला नाही. डोळेही मिटले नाहीत. "दमयंती, म्हण," ते म्हणाले. ती दोन ओळी म्हणाली आणि थांबली.

मी हवेतून खाली आले तेव्हा माझ्या अंगातून एक बारीक शीळ निघाली. ती मीही पहिल्यांदाच ऐकली. मग तिच्या तळहातावर वळ उठला. मित्रांनो, मला तेव्हा मोडून जायचे होते. पण बांबू लवकर मोडत नाही. तासून, तेल पाजून गुरुजींनी मला मोडणार नाही अशीच तर केली होती.

त्या दिवसापासून दुसरी घंटा म्हणजे भीतीची घंटा झाली. कुणी हाताला कांद्याचा रस चोळून येई, म्हणजे वळ कमी दुखतो म्हणे. कुणी सुरूच्या झाडांमागे लपे. मुले कविता म्हणत, पण डोळे माझ्यावर लावून. एकेक ओळ अशी घाईने टाकत, जशी अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्याला भाकर टाकतात. ठकीचा आवाजही बारीक झाला. तिला मार बसत नसे, पण शेजारी दमयंती बसत असे आणि दमयंतीचा थरकाप तिला बाकावरून जाणवे.

नवल असे की दमयंतीला ती कविता येत होती. विहिरीवर पाणी भरताना ती सबंध कविता म्हणते, असे ठकीने गुरुजींना एकदा सांगितले. पण मी दिसले की तिसरी ओळ तिच्या तोंडातून पळून जाई. आणि ती ओळ पळाली की मी येई.

एकदा तिचा बाप नागोराव शाळेत आला. माझ्या मनात आशा आली. वाटले, हा आता गुरुजींना जाब विचारील. तो अंगावरचे सिमेंट झटकत दारातच उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, मारायला मागंपुढं बघू नका. आम्ही दगड वाहून मरायलो. पोर शिकली पायजे."

दमयंती खाली पाहत होती.

वर्षभराने दिपोटीसाहेब पुन्हा आले. या वेळी मुलांनी घड्याळासारख्या कविता म्हटल्या. दमयंतीला गुरुजींनी त्या दिवशी मागच्या ओळीत बसवले होते. साहेब खूश झाले. त्यांनी मला टेबलावरून उचलले, बोटांनी वाकवून पाहिले आणि हसून म्हणाले, "वा! ही खरी तुमची मास्तरीण!" शेरेबुकात 'उत्तम' लिहिले. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. ती अजून माझ्या अंगाला चिकटली आहे आणि धुतली जात नाही.

त्याच वेळी साहेबांनी सांगितले की जानेवारीत बोईसरला पाठांतराची स्पर्धा आहे, प्रत्येक शाळेने दोन मुले आणायची. "आणि ती मागची मुलगी आणा," जाता जाता ते दमयंतीकडे बोट करून म्हणाले. "गेल्या खेपेला अडली होती ना? बघू काय सुधारणा केलीत."

मग काय विचारता! महिनाभर रोज शाळा सुटल्यावर दमयंती आणि ठकी थांबत. ठकी पाठ म्हणून मोकळी होई, तरी घरी जात नसे. दमयंतीसाठी भिंतीला टेकून बसून राही.

स्पर्धा आली ती नेमकी पौषातल्या अमावास्येला. आमच्या गावाहून बोईसरला जायचे दोन मार्ग होते. एक गाडीरस्ता, खाडीला लांब वळसा घालून जाणारा. दुसरा खाडीतून. ओहोटीला खाडीचे पाणी घोट्याएवढे होई, आणि जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांच्या ओळीने चालत गेले की अर्ध्या तासात पलीकडे. तिथून साडेआठची एसटी मिळे.

आदल्या दिवशी ठकीचा बाप भिका शाळेत आला होता.

"गुरुजी, उद्याला अमावस हाय," तो म्हणाला. "उधानाचा दिस. सूर्य वर आला का पानी फिरते, आन् फिरला का धावत येते. उजाडता उजाडता पार व्हा. नायतर गाडीरस्त्यान जा."

"गाडीरस्त्याने दहाच्या आत पोचत नाही मी," गुरुजी म्हणाले. "साहेब स्वतः येणार आहेत. उशीर झाला तर..."

"तं मंग लवकर निंगा. मी होडी घेऊन खाडीच्या तोंडावर असेन, भरतीची वाट पाहत. पन तुमी माज्यावर भरवसा ठेवू नका. दरयाचा काय सांगता येत नाय."

उजाडताना गुरुजी आणि ठकी काठावर उभे होते. मी गुरुजींच्या हातात होते. स्पर्धेला छडी कशाला, असे तुम्ही विचाराल. वाटेत शेवटची उजळणी घ्यायची होती. दमयंती मात्र येईना. अर्धा तास गेला. सूर्य वर आला. शेवटी तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली. पोरीचा चेहरा पांढराफटक होता. पहाटेपासून तिला तीनदा उलटी झाली होती.

"आजारी आहे का?" गुरुजींनी विचारले.

"नाही जी," आई म्हणाली. "भ्यायलीय."

गुरुजींनी खाडीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. गाडीरस्त्याकडे त्यांनी पाहिले नाही. "चला," ते म्हणाले.

आम्ही निम्म्या वाटेवर होतो तेव्हा धुके आले. समुद्राकडून एक पांढरा पडदा सरकत आला आणि आधी पलीकडचा काठ गेला, मग मागची सुरूची झाडे गेली, मग पुढचा खुंट गेला. शेवटी ती तिघे, मी आणि पायांखालचा करडा चिखल, एवढेच जग उरले. गुरुजी अंदाजाने दहा पावले गेले. मग वीस. खुंट लागला नाही. ते वळले. मग पुन्हा वळले.

"गुरुजी, थांबा," ठकी म्हणाली. "आपन वाट सोडली. हितं चिखल मऊ लागते."

गुरुजींनी ऐकले नाही. घाईने त्यांनी आणखी एक पाऊल टाकले आणि त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. तो काढायला त्यांनी डाव्या पायावर जोर दिला, तर डावाही गुडघ्याच्या वर रुतला. त्यांनी धडपड केली. जितकी धडपड, तितका चिखल आवळत होता. मग ते थांबले. त्यांनी मला शेजारी चिखलात टेकवले आणि माझ्यावर भार देऊन वर यायचा प्रयत्न केला. मी एक कांडे आत गेले, बाकीची सहा वर राहिली.

आणि मला पायाशी काहीतरी गार लागले. पाणी फिरले होते.

ते आवाज करत आले नाही. आधी चिखलावरच्या खेकड्यांच्या बिळांत बुडबुडे फुटले. मग बारीक धारा सरकत आल्या आणि एक झाल्या. बघता बघता माझे दुसरे कांडे बुडाले.

"ठके, तू दमयंतीला घेऊन जा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "पळा. काठ गाठा."

"कुठल्या अंगाला, गुरुजी?"

धुक्यात सगळीकडून पाण्याचा सारखाच आवाज येत होता.

ठकीने चार पावलांच्या आत इकडेतिकडे चाचपून पाहिले आणि तिला एक खुंट सापडला, डोक्याएवढा उंच, वरच्या टोकाला जुन्या दोराचे वेढे असलेला. तिथे जमीन घट्ट होती. तिने दमयंतीला त्या दोराच्या वेढ्यात पाय देऊन वर चढवले. दमयंती खुंटाला मिठी मारून बसली. तिचे दात वाजत होते. ठकी खाली खुंटाला धरून उभी राहिली, गुरुजींपासून चार पावलांवर.

गुरुजी ओरडू लागले. "भिका! अरे भिका! वाचवा!" ते ओरडत, मग थांबून कानोसा घेत. लांबून एकदा कुणीतरी "ओ!" दिली. मग ती ओ दुसऱ्याच बाजूने आली. मग आलीच नाही. माझे तिसरे कांडे बुडाले. गुरुजींच्या कमरेला पाणी लागले होते. ते पुन्हा ओरडले आणि त्यांचा घसा बसला. त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिले, ते मला ओळखीचे होते. दुसऱ्या घंटेला चाळीस मुलांच्या डोळ्यांत मी ते रोज पाहत असे.

"असा ओरडून नाय व्हयाचा," ठकी एकदम म्हणाली. "माजा बापूस सांगते. धुक्यात एक हाक मारली तं ती कुठून आली ते समजत नाय. आवाज थांबवायचा नाय. सारखा चालू ठेवायचा, मंग होडी त्याच्या मागं मागं येते. बोटीवर डबा वाजवतात ना, तसा."

"डबा कुठे आहे इथे?"

ठकीने मान वर केली आणि म्हणायला सुरुवात केली.

आंब्याखाली पडे सावली, गार किती गे गार...

मित्रांनो, सगळीकडे पाणी चढत होते, थंडीने ओठ निळे पडले होते, आणि ती पोर आंब्याच्या सावलीची कविता म्हणत होती. वर्षभर बारीक झालेला तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत निघाला. ती कविता संपली की दुसरी. ती संपली की इयत्ता दुसरीच्या पुस्तकातली, मग तिसरीच्या पुस्तकातली. "दमे, तू पन म्हन!" ती मध्येच ओरडली. "एकटीला दम पुरत नाय!"

खुंटावरून एक कापरा आवाज आला. मग गुरुजींचा घोगरा आवाज त्यात मिसळला. एक जण श्वास घेई तेव्हा दुसरा ओळ धरी. खंड पडू द्यायचा नव्हता. माझे चौथे कांडे बुडाले.

फिरून आंब्याची कविता आली. त्या वेळी ठकीला खोकला आला होता, म्हणून गुरुजी म्हणत होते. वाटसरू ते येती बसती, ठेवुन खाली भार. आणि ते थांबले. पाणी छातीशी होते. त्यांचे तोंड उघडे होते, पण आवाज येईना. ज्या ओळीसाठी त्यांनी मला वर्षभर वापरले, ती ओळ त्यांनाच आठवेना.

धुक्यात एकदम शांतता पसरली. तेवढ्या शांततेत आम्ही हरवलो असतो.

"कुणी लाविले झाड न ठावे," वरून दमयंती म्हणाली. "फळे तयाची गोड." ती रडत होती, पण थांबली नाही. पुढची ओळ म्हटली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. गुरुजींनी वर पाहिले आणि तिच्या मागोमाग म्हणू लागले. विद्यार्थी म्हणतो तसे.

माझे पाचवे कांडे बुडाले. गुरुजींच्या हनुवटीशी आणि ठकीच्या काखांशी पाणी आले होते. ती खुंटाला धरून टाचा उंच करून म्हणत होती. लाट आली की तिच्या तोंडात पाणी जाई, अर्धा शब्द बुडे. मला वाटले, आता सहावे कांडे बुडाले की हा आवाज बंद होणार. मी त्या पाण्याला विनवत होते. पण पाणी छडीला भीत नाही.

आणि धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला.

"थांबू नका! म्हनत ऱ्हावा!" भिका ओरडत होता. "म्हनत ऱ्हावा, मी येतो!"

होडीचे काळे नाक आधी दिसले. भिकाने एका हाताने ठकीला मानेला धरून आत घेतले, दमयंतीला खुंटावरून उचलले. मग त्याने गुरुजींच्या काखेखालून दोर घातला आणि ओढला. गुरुजी हलले नाहीत. चिखलाने त्यांना धरून ठेवले होते.

"नुसता ओढून नाय निघायचा," भिका म्हणाला. "पायाच्या बाजूला पानी जाया पायजे." त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मला चिखलातून उपसले. पाण्यात हात घालून त्याने मला गुरुजींच्या पोटरीला लागून खोल खाली दाबले, गोल फिरवले, वर काढले, पुन्हा दाबले. मी त्या चिखलात वाट केली. पाणी आत शिरले. एक मोठा बुडबुडा फुटला आणि गुरुजींचा एक पाय सुटला, मग तसाच दुसरा.

होडीत बसल्यावरही दमयंती ओठांतल्या ओठांत कविता म्हणतच होती. भिकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झाला, पोरी. आता थांब," तो म्हणाला. तरी तिला थांबता येईना.

ती स्पर्धा आमच्याविना झाली. वरिष्ठांकडून खुलासा मागणारे पत्र आले. गुरुजी आठ दिवस तापाने झोपून होते. उठल्यावर त्यांनी उत्तर लिहिले आणि त्यात काही लपवले नाही. धोक्याची सूचना मिळाली होती, तरी भीतीपोटी मुलींना खाडीत नेले, असे लिहिले.

शाळेत आल्यावर जुन्या सवयीने त्यांनी मला टेबलावर ठेवले. दमयंती उठून दाराकडे पळाली आणि ओट्यावर ओकली. गुरुजी तिच्या मागे गेले. तिच्या शेजारी पायरीवर बसले. "दमयंती," ते म्हणाले, "मी चुकलो. तुला कविता म्हणावीशी वाटली तर म्हण. नाही वाटली तर कधीच म्हणू नकोस. मी विचारणार नाही." तिने मान हलवली. मग ते आत आले आणि मला आढ्याच्या वाशामागे खोचून ठेवले.

तुम्हाला वाटेल, मग सगळे चांगले झाले. थोडे झाले. मुले पुन्हा डोलू लागली, ठकीने चार महिन्यांत गुरुजींकडची सगळी पुस्तके वाचून काढली. पण दमयंतीने त्या वर्गात पुन्हा एकही कविता म्हटली नाही. आणि ज्या बदलीला गुरुजी भीत होते, ती जूनमध्ये झालीच. शाळा डोंगरात होती, एकशिक्षकी. ते आईला बरोबर घेऊन गेले. निघताना त्यांनी मला खाडीत टाकायला काढले, तेव्हा ठकी म्हणाली, "गुरुजी, मना द्या. माईला बोंबलावरचे कावळे हाकायला व्हईल." तिच्या आईला सगळे माई म्हणत.

तेव्हापासून मी ठकीच्या अंगणात होते. बोंबील वाळत घालायच्या वलांडीच्या, म्हणजे बांबूच्या मांडवाच्या, खांबाला टेकून मी उभी असे. मला तेव्हा फक्त कावळे भीत, आणि तेही फार नाही.

वीज केंद्राचे बांधकाम संपले त्या वर्षी नागोरावचेही इथले काम संपले. ते बिऱ्हाड दुसऱ्या कुठल्याशा धरणावर चालले होते. निघायच्या दिवशी सकाळी दमयंती ठकीचा निरोप घ्यायला आली. दोघी आता उंच झाल्या होत्या. साड्या नेसायच्या वयाला आल्या होत्या. वलांडीखाली सावलीत बसून त्या हसत होत्या, जुन्या आठवणी काढत होत्या. बोलता बोलता ठकीने नवी पाठ केलेली एक कविता म्हटली. मग मित्रांनो, दमयंतीने आपण होऊन तोंड उघडले. तिने एक ओळ म्हटली. गोड आवाज होता तिचा. मी तो असा मोकळा कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या ओळीला तिने सहज मान वळवली, आणि तिला मी दिसले.

आवाज थांबला. तिचा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला आणि मूठ घट्ट मिटली.

"काय झाला गं?" ठकीने विचारले.

"काही नाही," दमयंती म्हणाली. पण तो हात काही पुढे आला नाही.

ठकीने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. ती उठली, मला उचलले आणि घरामागच्या सरपणाच्या ढिगावर टाकून आली. तिथून अंगण दिसत नाही. वारा समुद्राकडून होता. पुढे दमयंतीने ती कविता पुरी केली की नाही, ते मला ऐकू आले नाही. ते मला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, एक दिवस मी या सरपणातून चुलीत जाईन, आणि त्याची मला भीती नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कुठल्या तरी बांबूच्या बेटात आज माझ्यासारखीच एक सरळ, बारीक काठी वाढत असेल, आणि कुणी भ्यायलेला माणूस तिच्याकडे पाहत उभा असेल. तुम्ही मोठे व्हाल, कुणी गुरुजी व्हाल, कुणी आईबाप. तेव्हा मुलांना कविता जरूर द्या, भरभरून द्या. पण देताना तुमचे हात रिकामे असू द्या.